गौरी-गणपतीच्या तयारीत दुखऱ्या टाचेची यादी

गणपतीच्या यादीत दूर्वा, जानवं, कापूर, केवडा असं सगळं येतं. घरात कुणाला सोरायटिक आर्थ्रायटिस (सोरायसिस या त्वचारोगाशी जोडलेला संधिवात) किंवा अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस (मुख्यतः पाठीच्या कण्याचा संधिवात) असेल आणि टाचेच्या मागे दुखत असेल, तर एक यादी पायासाठीही करावी लागते. मला सोरायटिक आर्थ्रायटिस आहे आणि आमच्याकडे गौरीही येतात, म्हणजे हरतालिकेपासून गौरी जाईपर्यंतचे दिवस बहुतेक उभ्यानं आणि अनवाणी जातात. ही यादी मी श्रावण लागला की काढते, कारण यातली काही कामं आदल्या दिवशी उरकण्यासारखी नाहीत.

सगळ्यात आधी संधिवाताच्या डॉक्टरांची वेळ. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा जाड अकिलीस टेंडन दोन ठिकाणी दुखू शकतो: टाचेच्या चारेक बोटं वर, किंवा अगदी हाडाला चिकटतो तिथेच. आपल्या प्रकारच्या संधिवातात सूज बहुधा त्या चिकटण्याच्या जागीच येते. डॉक्टर तिला एन्थेसायटिस म्हणतात. खूण अशी की सकाळी पलंगावरून उतरताना पाय टेकवत नाही, अर्धा-पाऊण तास ताठरपणा राहतो आणि थोडं चाललं की सैलावतं. नुसत्या ताणानं दुखणारी टाच उलट वापरानं वाढते आणि विश्रांतीनं उतरते. दोन्ही एकत्र असू शकतात, आणि सणात होतात. एक्स-रे काढून ‘हाड वाढलंय’ एवढंच सांगून कुणी परत पाठवलं असेल, किंवा रक्तातली आरए फॅक्टर ही संधिवाताची तपासणी निगेटिव्ह आली म्हणून संधिवात नाही असं ऐकवलं असेल, तर त्यावर थांबू नका. या गटातल्या आजारांत आरए फॅक्टर सहसा निगेटिव्हच असतो. शंका असेल तर टाचेची सोनोग्राफी करायची का, ते विचारून घ्या.

औषधांचं बोलणं त्याच भेटीत उरका. हरतालिकेचा उपास बऱ्याच जणी निर्जळी करतात. रिकाम्या पोटी, पाणीही न पिता नॅप्रोक्सेन किंवा एटोरिकॉक्सिबसारखी दुखण्या-सुजेवरची गोळी घेणं पोटालाही वाईट आणि किडनीलाही. उपास करायचाच असेल तर त्या दिवशी गोळीचं काय करायचं हे आधी विचारा. माझं सरळ मत असं की फळं, दूध घेऊन केलेला उपास देवीला चालतो. संधिवातावरचं मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. सणाच्या गडबडीत गोळ्यांचा डबा दुसऱ्या कुणी भरला आणि ते रोजच्या खणात गेलं, तर प्रकरण जिवावर बेतू शकतं. म्हणून त्या पाकिटावर वार मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

अ‍ॅडालिमुमॅबसारखं संधिवातावरचं इंजेक्शन चालू असेल तर फ्रिजचा विचार आत्ताच करा. ते 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं, आणि गौरीच्या दिवशी फ्रिजमध्ये नारळाचा चव, दूध, पंचामृत, चिरलेल्या भाज्या यांची दाटी होते. कुणीतरी खोका उचलून मागे फ्रीझरच्या भिंतीला टेकवतं आणि इंजेक्शन गोठतं. गोठलेलं इंजेक्शन नंतर वितळलं तरी वापरायचं नसतं. मधल्या कप्प्यात एक बंद डबा ठेवा आणि त्यावर ‘हलवू नये’ असं लिहा. आमच्याकडे त्या डब्यात पेढे असावेत असा पाहुण्यांचा समज होतो, म्हणून ‘औषध’ हा शब्दही लिहावा लागतो.

औषधातलीच आणखी एक गोष्ट, आणि ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. सणात कुणाचं ना कुणाचं पोट बिघडतं आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून जुलाबाची गोळी आणली जाते. त्यात बऱ्याचदा ऑफ्लॉक्सासिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन असतं. या जातीच्या अँटिबायोटिकनं टेंडन सुजण्याचा आणि तुटण्याचाही धोका असतो, आणि त्यात अकिलीस पहिला. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2008 साली या औषधांवर सर्वांत कडक पातळीचा इशारा छापायला लावला. वय साठीच्या पुढे असेल किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर धोका वाढतो. म्हणून घरात ओआरएसची पाकिटं आणून ठेवा आणि दुसरी कुठली गोळी चालेल ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. तसंच ‘टाचेत एक इंजेक्शन घेतलं की सण पार पडेल’ हा विचार सोडा. टेंडनमध्ये दिलेलं स्टेरॉइड त्याला कमकुवत करू शकतं. टेंडनशेजारच्या द्रवाच्या छोट्या पिशवीत (बर्सा) सोनोग्राफीवर बघून कधी कधी देतात, पण तो निर्णय तज्ज्ञाचा. घटक न लिहिलेल्या ‘वातावरच्या’ पुड्याही लांब ठेवा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे.

आता पाय जिथे दिवसभर असतात त्या फरशीकडे. टाचदुखीवरचे बहुतेक सल्ले बुटांबद्दल असतात: मागची बाजू मऊ असावी, टाच थोडी उंच असावी, आत सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची टाचपट्टी घालावी. सल्ला बरोबर आहे. टाच उंच राहिली की टेंडनच्या चिकटण्याच्या जागेवरचा दाब कमी होतो. पण आपण बूट दारात काढतो आणि मग चौदा तास गुळगुळीत टाइल्सवर अनवाणी वावरतो. हजार रुपयांची टाचपट्टी चपलांच्या रॅकमध्ये आराम करत असते. त्यामुळे तयारी घराच्या आतली हवी. ओट्यासमोर आणि गॅससमोर जाड रबरी चटई टाका, पण कडा वर येणारी नको, अडखळायला होतं. घरात घालायला कधीच बाहेर न नेलेली, टाचेकडे थोडी उंच, मागे पट्टा नसलेली चप्पल नवी आणा. सोवळ्यामुळे स्वयंपाकात चप्पल चालत नसेल, तर सिलिकॉनचा टाचकप मोज्यात बसवून घाला. मोजे मात्र तळाला रबराचे ठिपके असलेले घ्या, नाहीतर तेल सांडलेल्या फरशीवर घसरून वेगळीच तयारी करावी लागेल. कप दोन्ही पायांत घाला, दुखत एकाच टाचेत असेल तरी, नाहीतर चाल वाकडी होऊन कंबर बोलायला लागते. आरतीपुरते मोजे काढले तर बिघडत नाही. नऊवारीवरची सपाट, कडक कोल्हापुरी फोटोपुरती ठेवा.

उकड काढणं उभ्यानं होतं, पण मोदक वळायला उभं राहायची गरज नाही. उंच स्टूल आणून ठेवा. पाटावर मांडी घालून चालत असेल तर घाला, पण उकिडवं बसणं टाळा: त्यात पाऊल पूर्ण वर वळतं आणि टेंडन हाडावर दाबला जातो. म्हणजे गौरीची पावलं काढणं आणि दारातली रांगोळी पुतणीकडे. गावच्या घरी भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्यावर ठेवायची खुर्ची मिळते, ती आधीच पाठवून द्या. मखराच्या माळा चवड्यांवर उभं राहून लावू नका. गौरी उभ्या करणं, त्यांना साड्या नेसवणं हे काम मी खुर्चीवर बसून करते, आणि निऱ्या अजूनही जावेपेक्षा चांगल्या येतात.

महिनाभर आधी सुरू करायचा व्यायाम एकच सांगते, तोही फिजिओथेरपिस्टला विचारून: भिंतीला हात टेकून सपाट जमिनीवर दोन्ही टाचा सावकाश उचलायच्या आणि त्याहून सावकाश खाली आणायच्या. व्हिडिओत दिसतो तसा पायरीच्या कडेवर उभं राहून टाच खाली लोंबकळवायचा प्रकार टेंडनच्या मधल्या भागातल्या दुखण्यासाठी आहे. हाडाजवळ दुखत असेल तर त्यानं वाढतं. करताना थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या सकाळी नेहमीपेक्षा जास्त दुखलं तर कमी करायचं. टाच लाल, गरम, सुजलेली असेल त्या दिवसांत व्यायाम बंद, आणि कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं.

माणसांचीही तयारी लागते. ‘अगं, आम्ही दोन-दोन दिवस उभ्या असायचो’ हे वाक्य येणारच. मी सासूबाईंना आधीच सांगून ठेवते, ‘आई, सकाळी आठपर्यंत माझ्या पायांना काम सांगू नका, आठनंतर काहीही सांगा.’ सकाळचा ताठरपणा त्यांना पटत नाही, पण वेळ पाळतात. प्रेमानं तेल घेऊन येणाऱ्या मावशींना पोटरी चोळू द्या, टाचेच्या वरची जागा रगडू देऊ नका.

कोकणात जायचं असेल तर जिथे गाडी थांबेल तिथे उतरून चाला, बसल्या जागी पावलं वर-खाली करत राहा. विसर्जनाला चालत किती जायचं ते घरून निघतानाच ठरवा. ओल्या वाळूत तर बिलकुल उतरू नका, तिथे टाच रुतते. मागून कुणी लाथ मारल्यासारखा झटका बसला, ‘टक्’ असा आवाज आला आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. लांबच्या प्रवासानंतर एकच पोटरी सुजून गरम झाली तर ती टाचेची बाब समजू नका, रक्ताची गुठळी असू शकते. तीही थांबायची गोष्ट नाही.

गौरी गेल्यानंतरच्या आठवड्यातली डॉक्टरांची वेळ आत्ताच घेऊन ठेवा, नंतर मिळत नाही. आणि फ्रिजवर एक कागद चिकटवा. सकाळचा ताठरपणा किती मिनिटं राहिला, दुखण्याची गोळी कोणत्या दिवशी घ्यावी लागली, दुसरी टाच किंवा बोटं सुरू झाली का, एवढं त्यावर लिहिलेलं असलं की औषध बदलायचं की हेच चालू ठेवायचं हे डॉक्टरांना ठरवता येतं.