ग्रिपरचं काम शिकायचंय? आधी जॉब हातात घ्या

रोबोटिक्समध्ये नवा आलेला मुलगा असो की मुलगी, डोळ्यांसमोर असतो पाच बोटांचा हात. शॅडो हँडसारखे 24 सांधे, प्रत्येक बोट वेगळं. चाकण-भोसरीच्या मशिन शॉपमध्ये मात्र सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशिनवर) जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, चढवायला लागतो तो दोन किंवा तीन जॉचा (जबड्यांचा), हवेवर चालणारा ग्रिपर, म्हणजे रोबोच्या टोकाची पकड. पहिलं डिझाइन बहुधा त्याचंच वाट्याला येतं.

कॅड उघडण्याआधी जॉबचं वजन करा, कच्चा (मशिनिंगआधीचा) आणि पक्का (नंतरचा) दोन्ही मोजा, कुठे धरलेलं चालेल ते ऑपरेटरला विचारा. आणि जॉब कूलंटने ओला असतो का, हे स्वतः बघा. हिशेब असा: वजन गुणिले गुरुत्व आणि रोबोचं त्वरण यांची बेरीज, सुरक्षेसाठी दुप्पट, मग घर्षणांकाच्या दुपटीने भागाकार, कारण धरणारी, जॉवर बसवलेली बोटं दोन. 1 किलोचा जॉब, त्वरण 5 मीटर प्रति सेकंद वर्ग, घर्षणांक 0.2 धरला तर प्रत्येक बोटाला सुमारे 74 न्यूटन लागतात. तेलकट जॉबला 0.1 धरा, लगेच 148 होतात. टेबलावर कोरडा जॉब झकास उचलणारा ग्रिपर लाइनवर गेल्यावर जॉब का टाकतो, ते या एका आकड्यात आहे. गोल जॉबला बोटांत व्ही खाच द्या. आडवा तो सुटत नाही. अक्षाच्या दिशेने मात्र तो घर्षणावरच असतो, हे विसरू नका.

कॅटलॉगमधला जोर ठरावीक दाबाला आणि ठरावीक बोटलांबीला असतो. बोट लांबवलं की जोर घटतो आणि जॉच्या गाइडवर मरोड वाढते. काही महिन्यांत जॉ खुळखुळायला लागतात. दाबही 6 बार गृहीत धरू नका. शॉपमधली सगळी मशिनं एकदम हवा ओढतात तेव्हा गेज 4 वर येऊ शकतो. हिशेब त्या 4 बारवर करा.

वीज गेली तर? ग्रिपरची हवा फिरवणारा एका कॉइलचा व्हॉल्व्ह स्प्रिंगने मूळ जागी जातो. त्या जागी ग्रिपर उघडत असेल तर जॉब खाली, कदाचित कुणाच्या पायावर. म्हणून दोन कॉइलचा 5/2 व्हॉल्व्ह (पाच तोंडं, दोन स्थिती), तो वीज गेली तरी असेल त्याच जागी राहतो. हवाच गेली तर तोही कामाचा नाही. त्यासाठी स्प्रिंगने मिटणारा ग्रिपर किंवा ग्रिपरलगत चेक व्हॉल्व्ह, जो आतली हवा परत जाऊ देत नाही.

चकमध्ये, म्हणजे सीएनसीत जॉब धरणाऱ्या भागात, जॉब देताना खरी गंमत. चक आणि ग्रिपर दोघंही घट्ट धरतात, केंद्रं अर्धा मिलिमीटर जरी हुकली तरी रोबो ओव्हरलोड दाखवून थांबतो. ग्रिपरमागे थोडी लवचीक बैठक द्या, आणि जॉब चकच्या फेसला दाबायला स्प्रिंगचा पुशर. तिथे बर, म्हणजे कापताना निघालेला धातूचा किस, अडकली की जॉब तिरका बसतो आणि माप जातं. बर उडवायला एअर ब्लोची नळी पहिल्याच ड्रॉइंगमध्ये दाखवा. नंतर तिला जागा उरत नाही.

5 किलोचा रोबो म्हणजे 5 किलोचा जॉब नव्हे. दुहेरी ग्रिपर, ब्रॅकेट, नळ्या मिळून 2.8 किलो झाले तर कच्चा आणि पक्का जॉब मिळून 2.2 किलोच उरले. हे वजन आणि गुरुत्वमध्य कंट्रोलरमध्ये भरावे लागतात, नाहीतर रोबो विनाकारण टक्कर समजून थांबत राहतो.

घरी सराव करायचा तर एमजी996आर सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटर) आणि 3डी प्रिंटेड बोटं पुरतात. बोटं आडवी छापा. उभी छापली की थरांवर तुटतात. सर्व्होला अर्डुइनोच्या 5 व्होल्टवरून वीज देऊ नका, बोर्ड रीसेट होतो. आणि वस्तू धरल्यावर सर्व्होला आणखी मिटायला लावत राहिलात तर तो तापून जळतो, म्हणून वस्तूला टेकल्यावर कोन दोन-तीन अंशच पुढे न्या.