हिमघुबड ओळखताना आणि पाहताना या चुका टाळा

पांढरं घुबड दिसलं की ते 'हिमघुबड' ठरवून फोटो फिरवले जातात. महाराष्ट्रात दिसतं ते गव्हाणी घुबड: बदामाच्या आकाराचा चेहरा, काळे डोळे, सोनेरी पाठ. हिमघुबडाचा चेहरा गोल, डोळे पिवळेधमक, पाय बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले. त्याचं घर उत्तर ध्रुवाभोवतीचा टुंड्रा. हिवाळ्यात काही पक्षी दक्षिणेकडे उतरतात, तेव्हा टोरांटो-बॉस्टनकडच्या मराठी मंडळींनाही ते दिसू शकतं.

तिथे शोधताना नजर झाडांवर जाते, आणि पक्षी हुकतो. टुंड्रावर झाडंच नाहीत. हे घुबड जमिनीवर बसतं, अंडीही जमिनीवरच्या उंचवट्यावर घालतं. म्हणून मोकळी शेतं, वाळूच्या टेकड्या, समुद्रकिनारा पाहा. बॉस्टनच्या लोगन विमानतळावर ही घुबडं येतात ती अशाच सपाट, खुरट्या गवतामुळे.

काळ्या पट्ट्यांचं दिसलं म्हणून ते वेगळ्या जातीचं समजू नका. प्रौढ नर जवळजवळ शुभ्र असतो, मादी आणि पिल्लं पट्टेदार. अधल्यामधल्या पक्ष्याचं लिंग दुरून ठरवायला जाऊच नये.

सर्वात घातक चूक दयेपोटी होते. घुबड दिवसभर एका जागी बसलंय, म्हणजे आजारी किंवा उपाशी, असं वाटतं. हिवाळ्यात दिवसा बसून राहणं ही त्याची रीतच आहे. शिकार बहुधा तिन्हीसांजेनंतर. दक्षिणेत गर्दी झाली म्हणजे उत्तरेत दुष्काळ, हेही खरं नाही. लेमिंग हे उंदरासारखे प्राणी भरपूर झाले की एका घरट्यात 11पर्यंत अंडी असतात, एरवी 3 ते 5. त्या वर्षीची तरुण पिल्लं मग दक्षिणेला पसरतात. 2013-14च्या मोठ्या लोंढ्यातले बरेच पक्षी चांगले धष्टपुष्ट होते. तेव्हा विकतचे उंदीर टाकू नका. घुबड माणसांना आणि रस्त्यांना सरावतं आणि गाडीखाली येतं.

अंतर त्याच्या डोळ्यांवरून ठरवा. अर्धे मिटलेले असतील तर ते निवांत आहे. डोळे सताड उघडले, अंग बारीक करून ते पुढे झुकलं, की लगेच मागे सरा. एकदा उडवलं की त्याची ताकद वाया जाते.

फोटोत बर्फ करडा येत असेल तर कॅमेऱ्यातलं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करायची सेटिंग) सुमारे +1 ठेवा. पक्षी काळ्या मातीवर असेल तर मात्र उलट, उणे करा, नाहीतर पिसांचा तपशील जळून जातो.