नाथसागरावर ‘नुसतंच पाणी’ दिसलं? या चुका टाळा

पैठणच्या नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, पक्षी बघून परतलेले बरेच जण सांगतात, “काही नव्हतं हो, नुसतंच पाणी.” खरंच असतं ते. धरण भरल्याची बातमी आली की आपण गाड्या काढतो, आणि पक्षी बघायला नेमके तेच दिवस वाईट. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उथळ पाण्यात उभा राहून चोच उलटी बुडवतो आणि गाळातलं खाणं गाळून घेतो. जलाशय तुडुंब असला तर त्याला पाय टेकायलाच जागा नाही. रब्बीच्या पिकांसाठी कालव्यांना पाण्याची आवर्तनं सुटतात, पाणी मागं सरकतं, गाळ उघडा पडतो, तेव्हा काठावर पंगत बसते. जानेवारीअखेर ते मार्च हा काळ धरा. पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले पाहुणे हंस, बघायचे असतील तर फेब्रुवारीच्या पुढं ढकलू नका, त्यांना हिमालय ओलांडून परतायचं असतं. हे हंस रात्री हरभऱ्यात-गव्हात चरतात आणि दिवसा काठावर पेंगतात. त्यामुळं ते कुठं आहेत हे मोबाइलपेक्षा शेतकऱ्याला विचारलेलं बरं. पिकात उतरलेल्या हंसांबद्दल तो फार प्रेमानं बोलेल असं नाही, पण ठिकाण अचूक सांगेल.

सगळे पक्षी काळेच दिसतात ही दुसरी तक्रार. दुर्बिणीला दोष देऊ नका, ऊन तोंडावर घेऊन उभे आहात. पूर्वेच्या काठावर सकाळी जा, पश्चिमेच्या काठावर दुपार कलल्यावर.

गाळावर गाडी घालणं ही माझी स्वतःची चूक. जमिनीला भेगा पडलेल्या दिसल्या, वाटलं वाळली. वीस पावलांत चाकं बसली. ट्रॅक्टर घेऊन आलेले काका दोर बांधता बांधता म्हणाले, “साहेब, वरून पापड दिसतोय, खाली पिठलं हाय.” आता गाडी पक्क्या रस्त्यालाच ठेवतो आणि गाळपेऱ्याच्या, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळावर पेरलेल्या शेताच्या, बांधानं चालत जातो, तेही विचारून. ती उभी पिकं असतात.

थवा उडताना फोटो छान येतो म्हणून टाळ्या वाजवणारे, ड्रोन सोडणारे भेटतात. हे 1986 साली जाहीर झालेलं अभयारण्य आहे, परवानगीशिवाय ड्रोन चालत नाही. शिवाय दर उडण्यात त्या पाखराची साठवलेली चरबी जाते.

पण सगळ्यात मोठी चूक पाण्यावर नाही, माळावर होते. गवताळ माळ म्हटलं की पडीक, मग घाला जीप आडवी. त्याच गवतात भोवत्या हा शिकारी पक्षी रात्री जमिनीवरच मुक्काम करतो, धाविक आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात. टिटवीचं घरटं म्हणजे चार खडे आणि खड्यांसारखीच चार अंडी. तिनं उंचावर अंडी घातली तर पाऊस चांगला, असं आपल्याकडं म्हणतात. पण ती अंडी पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. उन्हाळ्यात टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली की पुढं जाऊ नका, घरटं शोधूही नका. ज्या पावलांनी आलात त्याच पावलांनी मागं फिरा.

आणि लोकरीचे मोजे घालून माळावर जाऊ नका. कुसळं काढता काढता संध्याकाळ होते.