कौलारू घराचे छप्पर आणि माळा दमट हवेपासून कसे जपावेत

कोकणात आणि गोव्यात छपराची काळजी म्हणजे गळती थांबवणे, असा सर्वसाधारण समज आहे. घरात पाणी टपकले की कौल बदलले जाते आणि टपकले नाही तर छप्पर धड आहे असे मानले जाते. परंतु एक थेंबही न गळणाऱ्या घराचे वासे, म्हणजे छपराला पेलणारी उतरती लाकडे, खाली काढल्यावर आतून पोकळ निघतात, हा अनुभव सुतारकाम करणाऱ्या कोणालाही नवा नाही. छपरावर पडणारे पाणी उतारावरून वाहून जाते. छपराच्या आत मुरलेला ओलावा मात्र वाळला नाही, तर लाकूड, खिळे आणि पत्रे यांचा हळूहळू नाश करतो. म्हणून या लेखातील प्रत्येक सूचनेमागे एकच प्रश्न आहे: हा भाग ओला झाला, तर वाळणार कसा?

लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांखाली राहिले, तर लाकूड कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेची सापेक्ष आर्द्रता दिवसचे दिवस ८५ ते ९० टक्क्यांच्या आसपास राहते. अशा हवेत पाण्याचा स्पर्शही न झालेले लाकूड केवळ हवेतील बाष्प शोषून त्या २० टक्क्यांच्या सीमेजवळ पोहोचते. त्यानंतर एखाद्या तडकलेल्या कौलातून झिरपणारे थोडेसे पाणीसुद्धा बुरशीला पुरते, आणि मऊ पडलेल्या लाकडाकडे वाळवी लवकर वळते.

पूर्वी या ओलाव्यावर घरातच उपाय होता. स्वयंपाकघरातील चुलीची ऊब आणि धूर माळ्यावरून फिरून कौलांच्या फटींतून बाहेर पडत असे. त्यामुळे वासे कोरडे राहत आणि धुरकटलेल्या लाकडाला किडा सहसा लागत नसे. गॅस आल्यावर स्वयंपाकघर स्वच्छ झाले, ही चांगलीच गोष्ट आहे, पण माळ्याची ऊब गेली आणि तिची जागा कशानेही भरून काढली गेली नाही. त्यात चाकरमान्यांची घरे वर्षातून गणपती, शिमगा आणि मे महिना एवढ्यापुरतीच उघडतात. जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत घर बंद, हवा कोंडलेली आणि माळ्यावर वर्षानुवर्षांचे सामान, अशी स्थिती बुरशीला हवी तशीच असते.

पाहणी कधी आणि कशी करावी

पहिली पाहणी गणपतीच्या दिवसांत करावी. पावसाचे मुख्य महिने नुकतेच सरलेले असतात, ओलाव्याच्या खुणा ताज्या असतात आणि घरात माणसे असतात. शक्य असल्यास पाऊस पडत असतानाच बॅटरी घेऊन माळ्यावर जावे. भर दुपारी मात्र बॅटरी विझवून काही वेळ अंधारात थांबावे. कौले जिथे सरकली असतील तिथून उजेडाच्या रेषा दिसू लागतात. प्रत्येक रेषा म्हणजे गळती नव्हे, कारण मंगलोरी कौलांच्या सांध्यांतून थोडा उजेड आणि वारा येणारच, आणि तो येणे छपराच्या हिताचे आहे. ज्या रेषेखालच्या रिपेवर, म्हणजे कौले टेकतात त्या आडव्या पट्टीवर, काळा किंवा पांढुरका डाग आहे, तिथे खडूने खूण करावी.

पाणी जिथे टपकते तिथेच ते आत शिरलेले असते असे नाही. ते वाशाच्या खालच्या कडेने उताराच्या दिशेने बरेच अंतर जाऊन मग एखाद्या गाठीपाशी किंवा खिळ्यापाशी सुटते. त्यामुळे डागापासून वर, आढ्याच्या म्हणजे छपराच्या माथ्याच्या दिशेने, माग काढत जावे.

लाकूड तपासायला गोणी शिवण्याचा दाभण पुरेसा आहे. निरोगी ऐनाच्या किंवा सागाच्या वाशात तो जोर लावूनही फारसा शिरत नाही. कुजलेल्या वाशात सहज रुततो आणि बाहेर काढताना लाकडाचे तंतू तुटक, चुरा झाल्यासारखे येतात. चार ठिकाणी विशेष लक्ष द्यावे. वाशांची वळचणीकडील, म्हणजे छपराच्या खालच्या कडेची, टोके, कारण तिथे पागोळ्यांचे पाणी आणि पावसाची झड सतत लागते. वासे भिंतीच्या माथ्यावर जिथे टेकतात ती जागा, कारण चिऱ्याचा, म्हणजे जांभ्याचा, दगड सच्छिद्र असतो आणि भिंतीने शोषलेले पाणी लाकडाला मिळत राहते. दोन उतार आतल्या बाजूने मिळतात तिथला पन्हळीचा पत्रा, कारण पालापाचोळा नेमका तिथेच साचतो. आणि आढ्यावरचे कोने, म्हणजे आढे झाकणारी मोठी कौले, कारण त्यांच्या खालचा चुना-सिमेंटचा लेप उन्हाने तडकतो. माझ्या मते यांतील भिंतीच्या माथ्याची जागा सर्वांत धोक्याची आहे, कारण ती खालून दिसत नाही आणि छपराचा सगळा भार तिच्यावरच असतो.

वाळवी ओळखणे कठीण नाही: भिंतीवरून वर चढणाऱ्या मातीच्या बारीक नळ्या दिसतात, आणि वासा ठोकल्यावर भद्द आवाज येतो. वाशाखाली पिठासारखा भुसा पडलेला असेल आणि लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी भोके असतील, तर तो लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचा उपद्रव आहे. दोहोंचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी ओळख पटवून घ्यावी. वाळवी बहुतेक वेळा जमिनीतून येते. केवळ वरच्या नळ्या खरवडून काही साधत नाही, पायाजवळच्या मातीत औषध घालावे लागते आणि ते काम प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावे.

माळ्यावर चढताना फळ्यांच्या मधोमध पाय न टाकता तुळयांच्या रेषेत टाकावा. जुन्या वायरिंगचे आवरण उंदरांनी कुरतडलेले असू शकते आणि दमट माळ्यात अशी तार जिवावर बेतू शकते, त्यामुळे वर जाण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. घरात गळतीचा वीजप्रवाह तोडणारा ३० मिलीॲम्पिअरचा स्विच बसवलेला नसेल, तर छपराच्या दुरुस्तीआधी तो बसवून घ्यावा.

वाळवण आणि दुरुस्ती

ऑक्टोबरचे कडक ऊन त्रासाचे वाटते, पण छपरासाठी तेच औषध आहे. या महिन्यात माळ्यावरचे सामान खाली काढावे, छपराच्या दोन टोकांच्या त्रिकोणी भिंतींतील झरोके उघडावेत आणि वारा आरपार वाहू द्यावा. झरोके नसतील तर समोरासमोरच्या दोन्ही त्रिकोणी भिंतींत ठेवून घ्यावेत आणि त्यांना वटवाघळे, उंदीर शिरणार नाहीत अशी बारीक जाळी लावावी. बंद माळ्यांसाठी एक ठोकताळा वापरला जातो: वारा खेळण्याच्या वाटांचे एकूण क्षेत्रफळ माळ्याच्या क्षेत्रफळाच्या दीडशेव्या भागाइतके असावे. ६० चौरस मीटरच्या माळ्याला म्हणजे सुमारे ०.४ चौरस मीटर. निव्वळ कौलांच्या छपराला याची गरज कमी, पण खाली पीव्हीसीचे किंवा जिप्समचे छत लावले असेल तर ती अटळ आहे.

इथे एक मर्यादा मान्य केली पाहिजे. जुलैमध्ये बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असते, त्यामुळे तेव्हा झरोके उघडे ठेवून लाकूड वाळत नाही. फक्त हवा कोंडत नाही इतकेच. पावसाळ्यात कोरडेपणा आणायचा तर ऊब लागते. जुनी चूल शाबूत असेल, तर शेजारच्या विश्वासू माणसाला आठवड्यातून एकदा, शक्यतो उघडीप असेल तेव्हा, घर उघडून चूल पेटवायला सांगावे आणि ती पूर्ण विझल्याखेरीज घर बंद करू नये. हा खर्च मे महिन्यात दोन वासे बदलण्यापेक्षा नक्कीच कमी आहे.

खरी दुरुस्ती फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, लाकूड पुरते वाळल्यावर करावी. कौले उतरवताना प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून पाहावे. खणखणीत वाजले तर ठेवावे, बद्द वाजले तर त्यात तडा आहे. शेवाळ ब्रशने खरवडून काढावे, कारण ते पाणी धरून ठेवते आणि कौलांच्या खाचा बुजवते. खाचा बुजल्या की पाणी आडवे पसरून सांध्यातून आत शिरते. दाबाच्या पाण्याचा फवारा जुन्या कौलांवर मारू नये, कारण वरचा भाजलेला थर निघून गेल्यावर कौल अधिक पाणी शोषते.

कुजलेला भाग असलेला वासा संपूर्ण बदलणेच योग्य. टोकच खराब असेल, तर निरोगी लाकडापर्यंत कापून जोड देता येतो, पण जोडाखाली आधार हवा. नवे लाकूड किमान एक उन्हाळा वाळलेले असावे. लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे द्रावण ब्रशने दोन-तीन हात द्यावे. ते बुरशी आणि भुंगेरे यांना आळा घालते. मात्र हे द्रावण पाण्यात विरघळून वाहून जाते, म्हणून ते आतल्या, न भिजणाऱ्या लाकडालाच उपयोगी आहे. वळचणीच्या उघड्या टोकांना काजूच्या टरफलांचे तेल लावण्याची कोकणातील जुनी पद्धत अधिक टिकाऊ आहे. हे तेल कातडी भाजते, त्यामुळे हातमोजे घालूनच काम करावे.

एका गोष्टीबद्दल मी आग्रहाने सांगतो. गळतीवर स्वस्त उपाय म्हणून कौलांखाली, थेट रिपांना चिकटवून, प्लास्टिकचा कागद किंवा ताडपत्री ताणण्याची पद्धत झपाट्याने पसरली आहे. त्याने गळती त्याच दिवशी थांबते, आणि म्हणूनच ती फसवी आहे. कौलातून झिरपलेले पाणी त्या कागदावर साचून रिपेपाशी अडते, खालून चढणाऱ्या बाष्पाचे कागदाच्या पोटाला लागून पाणी होते, आणि रीप दोन्ही बाजूंनी भिजत राहते. अस्तर हवेच असेल तर वाशांच्या दिशेने उभ्या पट्ट्या ठोकून कौल आणि अस्तर यांत वारा जाईल अशी पोकळी ठेवावी, आणि अस्तराचे खालचे टोक वळचणीबाहेर, पन्हळीत सोडावे.

पत्र्याचे छप्पर असेल तर

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडमध्ये श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आले आणि त्यानंतर अनेक घरांवर कौलांच्या जागी पत्रे चढले. पत्रा हलका आणि लवकर बसणारा असला, तरी दमट हवेत त्याचा स्वभाव कौलापेक्षा फार वेगळा आहे. हवा २५ अंश सेल्सिअसला ९० टक्के दमट असेल, तर तिच्यातील बाष्पाचे सुमारे २३ अंशांनाच पाणी होऊ लागते. निरभ्र रात्री उघड्या आकाशाखाली पत्रा आसपासच्या हवेहून थंड होतो, आणि पहाटे त्याच्या पोटाला थेंब धरतात. पाऊस नसताना हिवाळ्यात पत्र्याखालचे छत ओले दिसले, तर छिद्रे बुजवत बसू नये. ते पाणी बाहेरून आलेलेच नसते. पत्र्याखाली उष्णतारोधक थर द्यावा आणि त्याच्या व खालच्या छताच्या मध्ये वारा वाहता ठेवावा.

समुद्राजवळ खारी हवा जस्ताचा लेप लवकर खाते. पत्रा ग्राइंडरने कापल्यावर उडालेले लोखंडाचे तप्त कण लेपात रुतून बसतात आणि पहिल्याच पावसात तिथे गंजाचे ठिपके उठतात, म्हणून कापणी खाली जमिनीवर करून पत्रा झटकूनच वर चढवावा. स्क्रूखालचे रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन चिरतात; दरवर्षी ते तपासावेत आणि कडक झालेले बदलावेत. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून चालावे: ते घासू नयेत, कापू नयेत, त्यांना भोके पाडू नयेत, कारण त्यांची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते.

छपराखाली छत लावताना प्रत्येक भागात माणूस आत शिरू शकेल अशी, साधारण ६० सेंटिमीटर लांबी-रुंदीची, उघडणारी झडप ठेवायला सांगावे. सुबकपणासाठी कारागीर ती टाळू पाहतात. झडप नसलेल्या छताआड वासा कुजत असेल, तर ते छत फुगेपर्यंत कळत नाही.

मे महिन्याच्या मध्यात शेवटची फेरी मारावी: पन्हळी साफ करून बादलीभर पाणी ओतून ते कुठे थांबते ते पाहावे, छपरावर झुकलेल्या फांद्या छाटाव्यात, वळचणीच्या आणि कडेच्या ओळीतील कौले तांब्याच्या किंवा जस्त चढवलेल्या तारेने रिपांना बांधून घ्यावीत. थोडी जादा कौले घेऊन ठेवावीत, आणि ती घरावर आहेत त्याच कारखान्याच्या छापाची असावीत. मंगलोरी कौलांच्या खाचा कारखान्यागणिक थोड्या वेगळ्या असतात आणि परक्या छापाचे कौल शेजारच्या कौलात नीट बसत नाही. ही शिल्लक कौले पडवीत, जमिनीपासून थोडी उंच, कडेवर उभी रचून ठेवावीत.