माशांच्या टाकीसाठी लाकडी स्टँड

आमची टाकी 3 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर जवळपास 190 लिटर पाणी, म्हणजे 190 किलो. काच आणि वाळू धरून अडीचशे किलोच्या घरात. म्हणून आधी वजनाचा हिशोब करा, मग लाकूड आणायला जा.

मी पुण्याच्या टिंबर मार्केटमधून तीन बाय दोन इंचाचं सागवान आणलं. पाइनही चालतं, पण गाठी नसलेलं, सुकं निवडा.

सगळ्यात महत्त्वाचं: वरची चौकट पायांच्या डोक्यावर बसली पाहिजे. पाय बाजूने स्क्रूने जोडले, तर सगळा भार स्क्रूवर येतो. माझ्या पहिल्या स्टँडमध्ये हीच चूक झाली होती. चार महिन्यांत एक कोपरा दोन मिलिमीटर खाली बसला आणि मला रात्री साडेअकराला बादल्यांनी टाकी उपसावी लागली. लाकडाचा भार लाकडानेच पेलावा, स्क्रूने फक्त धरून ठेवायचं.

चौकट गुण्यात, म्हणजे चारही कोपरे काटकोनात, आहे का ते दोन्ही कर्ण मोजून बघा, सारखे भरले पाहिजेत. मागच्या बाजूला 12 मिलिमीटरचा प्लाय ठोका, स्टँड डुलत नाही. वर 18 मिलिमीटरचा मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारा. पॉलिशचे तीन हात द्या, प्लायच्या कडांना जास्त, कारण पाणी तिथूनच शिरतं.

स्टँड जागेवर ठेवून लेव्हल बघा. टाकीच्या तळाशी सपाट काच असेल तर खाली थर्माकोल घाला. आधी अर्धीच भरा, रात्रभर ठेवा, सकाळी लेव्हल पुन्हा तपासा.