इंदुरात प्रसारण अभियंता व्हायचंय? मग आधी मीटर वाचायला शिका

निकाल लागले की नात्यागोत्यातलं कुणीतरी पोर आईवडिलांना घेऊन घरी येतं. "काका, तुमच्या लाइनीत यायचं का?" आईवडिलांचा समज असा की मी माइकसमोर बसून गाणी लावतो. माइकसमोर बसणारे वेगळे. त्यांचा आवाज देवासच्या शेतापासून राऊच्या चहाच्या टपरीपर्यंत न अडखळता पोचवायचा, हे आमचं काम. तो पोचतोय तोवर आमची आठवण कुणाला येत नाही. आवाज गेला की मात्र अर्ध्या मिनिटात सगळ्यांना आमचा नंबर पाठ असतो.

इंदूर या कामाला नवखं नाही. मालवा हाउसमधली आकाशवाणी २२ मे १९५५ ची. तिच्यावरून मालवी बोलीत गप्पा मारणारे नंदाजी-भेराजी आमच्या आधीच्या पिढीच्या घरातलेच होते, आणि हिंदी क्रिकेट समालोचनातले सुशील दोशीही इंदूरचेच. होळकर स्टेडियममधल्या समालोचन कक्षाला त्यांचं नाव आहे. रेडिओ मिर्चीनं आपलं देशातलं पहिलं केंद्र ऑक्टोबर २००१ मध्ये सुरू केलं ते याच शहरात. तेव्हा 'इथे राहून काय मिळणार, पुण्याला जा' असं कुणी म्हणालं तर ऐकून घ्या, पण लगेच बॅग भरू नका.

नोकऱ्यांचं चित्र मात्र गोड करून सांगणार नाही. आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती २३ नोव्हेंबर १९९७ पासून आहे, पण आमच्या वयाच्या लोकांनी ज्या कायम नोकरीची वाट पाहिली तशी भरती आता क्वचित निघते. बहुतेक जागा कंत्राटी. अ‍ॅनालॉग टीव्हीचे ट्रान्समीटर टप्प्याटप्प्यानं बंद होत गेले, २०२२ पर्यंत जवळजवळ सगळेच, आणि ज्यांनी उभी हयात त्यांच्यात घालवली त्यांना दुसरीकडे हलवलं गेलं. खासगी एफ.एम.ला माणसं कमी लागतात. बरीच केंद्रं एकाच टॉवरवर, अनेक ट्रान्समीटर एकत्र जोडणाऱ्या एका कंबाइनरमधून, सामायिक अँटेनावर चालतात, त्यामुळे प्रत्येकाला स्वतंत्र फौज लागत नाही. कित्येकदा एकाच अभियंत्याकडे दोन-तीन शहरं असतात. याशिवाय बातम्यांच्या चॅनेलांच्या ओ.बी. व्हॅन (बाहेरून प्रसारण करणाऱ्या गाड्या), विद्यापीठाचं मीडिया केंद्र, लग्नसमारंभांपासून कीर्तनापर्यंत सगळ्याचं लाइव्ह स्ट्रीमिंग करणारी मंडळी. शेवटच्या प्रकाराला नाकं मुरडू नका, हात तिथे लवकर तयार होतो.

सुपर कॉरिडॉरवरच्या आय.टी. कंपनीत गेलेला तुमचा वर्गमित्र पहिली काही वर्षं तुमच्यापेक्षा जास्त कमावेल. हे घरी आत्ताच सांगून टाका, म्हणजे दर दिवाळीला तोच विषय निघणार नाही.

शिक्षण म्हणाल तर इलेक्ट्रॉनिक्सची पदवी हवी, डिप्लोमाही चालतो. इथल्या जी.एस.आय.टी.एस. या अभियांत्रिकी कॉलेजातून आलेली मुलं आमच्याकडे होती आणि पॉलिटेक्निकचीही; वर्षभरानंतर कोण कुठलं ते ओळखू येत नाही. कॉलेजात अँटेनाची गणितं होतात. ज्यानं केंद्र खरोखर बंद पडतं ते मात्र राहून जातं: तीन फेजचा पुरवठा, वीज गेली की जनरेटरवर नेणारा चेंजओव्हर स्विच, जनरेटर, यू.पी.एस.च्या बॅटऱ्या. माझ्या अनुभवात आर.एफ.पेक्षा, म्हणजे रेडिओ लहरींच्या भागापेक्षा, विजेनं जास्त रात्री खाल्ल्या आहेत. त्याच्या जोडीला आता नेटवर्किंग. स्टुडिओपासून ट्रान्समीटरपर्यंतचा आवाज आय.पी.वरून जातो, आय.पी. अ‍ॅड्रेस, स्विच, मल्टिकास्ट (एकच प्रवाह एकाच वेळी अनेकांना पाठवणं) हे कळत नसेल तर तुम्ही अर्धेच अभियंता.

आता मुख्य गोष्ट, जिच्यावर तुमचं घर चालणार आहे. लॉगबुक. नवी मुलं ते कारकुनी समजतात आणि सकाळी एकदाच बसून दिवसभराचे आकडे भरून टाकतात. समजा ट्रान्समीटर ५ किलोवॅट पाठवतोय आणि रिफ्लेक्टेड पॉवर, म्हणजे अँटेनाकडून परत येणारी, १५ वॅट आहे. एस.डब्ल्यू.आर., म्हणजे केबल आणि अँटेना किती जुळतात याचं माप (१ म्हणजे अगदी जुळलं), साधारण १.१, म्हणजे झकास. पुढच्या आठवड्यात २५ वॅट. रात्री पाऊस झाला की सकाळी ६०, दुपारी ऊन पडलं की परत ३०. अलार्म वाजत नाही, कारण ६० वॅटला एस.डब्ल्यू.आर. १.२५ च्या आसपास असतो आणि त्यावर ट्रान्समीटर सहसा कुरकुरत नाही. १.५ ला, म्हणजे ४ टक्के पॉवर, २०० वॅट, परत यायला लागली की अनेक ट्रान्समीटर स्वतःहून पॉवर उतरवतात, आणि त्यानंतरही वाढली तर बंद होतात.

पण सकाळी जास्त, दुपारी कमी, ही चाल बघितली की सांगता येतं: वर कुठल्या तरी जोडात पाणी शिरलंय. मग डिहायड्रेटरकडे जा. फीडर केबलमध्ये कोरडी हवा दाबून ठेवणारं हे यंत्र. त्याचा कॉम्प्रेसर पूर्वी दिवसातून मोजक्या वेळा सुरू व्हायचा आणि आता सारखा घुरघुरतोय, म्हणजे हवा निसटतेय. हे मंगळवारी कळलं तर गुरुवारी कोरड्या हवेत, दिवसाढवळ्या रिगर, म्हणजे टॉवरवर चढणारा कारागीर, वर चढतो, जोड उघडतो, पुसतो, नवीन सील घालतो, आणि तुम्ही संध्याकाळी मुलीचा अभ्यास घ्यायला घरी. नाही कळलं तर तोच जोड ऑगस्टात रात्री दोनला जळतो. विजा कडाडत असताना टॉवरवर कुणालाही चढवायचं नसतं, त्यामुळे तुम्ही खाली बसून पहाटेची वाट बघता आणि वरिष्ठांचे फोन घेता. आमच्या कामातली घरी मिळालेली बहुतेक संध्याकाळ ही अशी कुठल्या तरी मंगळवारच्या आकड्यातून आलेली असते.

माळव्यात आणखी एक करा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचे खड्डे सुकतात आणि रोध चढतो. नेमकं तेव्हाच, जूनच्या पहिल्या वळवात, माती भिजायच्या आधी विजा पडतात. म्हणून मे महिन्यात खड्ड्यांना पाणी घाला आणि टेस्टर लावून मोजा. आम्ही एक ओहमच्या आत ठेवायचा प्रयत्न करतो. वॉचमनच्या भरवशावर सोडू नका. तो पाणी घालतो, पण शेजारच्या तुळशीला.

सुरक्षेचं थोडक्यात सांगतो, पण हसण्यावारी नेऊ नका. मीडियम वेव्हचा मास्ट हाच अँटेना असतो, चिनी मातीच्या इन्सुलेटरवर उभा. इंदूरच्या ६४८ किलोहर्ट्झची तरंगलांबी ४६३ मीटर आणि ताकद २०० किलोवॅट. चालू मास्टला जमिनीवर उभं राहून हात लावणारा माणूस दुसऱ्यांदा लावायला उरत नाही. कॅबिनेट बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज असतो. तो चार्ज जमिनीत उतरवणारी शॉर्टिंग स्टिक टेकवल्याशिवाय आत हात नाही, आणि एकट्यानं तर नाहीच.

महागडी उपकरणं असली तरी जवळ एक स्वस्तातला मोनो ट्रान्झिस्टर ठेवा. आमच्या आईच्या रामबागेतल्या स्वयंपाकघरात तसा एक दिवसभर चालू असतो. एकदा तिचा फोन आला, "अरे, वाद्यं वाजतायत पण बोलणारी मुलगी कुठे गेली?" स्टुडिओत हेडफोनवर सगळं नीट. आवाज बंद पडला की इशारा देणारा सायलेन्स डिटेक्टरही शांत, कारण त्याला आवाज मिळत होता. भाड्यानं आणलेल्या मिक्सरच्या एका केबलमध्ये दोन तारा उलट जोडलेल्या होत्या, त्यामुळे डावा चॅनेल उजव्याच्या विरुद्ध फेजमध्ये. मोनो सेट दोन्हींची बेरीज करतो. निवेदिकेचा आवाज दोन्हींत सारखा, म्हणून तो एकमेकांना खाऊन नाहीसा झाला. केबल बदलली आणि आईला फोन केला. "आली बाई," म्हणाली आणि ठेवून दिला.

बाहेरच्या प्रसारणात इंदुरात दोन परीक्षा. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांची मिरवणूक, रात्रभर चालतात. राजवाड्याकडचे रस्ते बंद व्हायच्या आत सामान जागेवर लागलं पाहिजे. गर्दी भरली की मोबाइल डेटा कोलमडतो, मोबाइल नेटवरून आवाज पाठवणारा चार सिमचा कोडेकही हात टेकतो. आसपासच्या एखाद्या दुकानदाराची वायरची लाइन आधीच मागून ठेवा, आणि सणाच्या दिवशी नव्हे, आठ दिवस आधी तपासा. दुसरी रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक. टँकरमधून रंगाचं पाणी उडतं, तिथे मिक्सर प्लॅस्टिकमध्ये बांधून गच्चीवर, आणि खाली फक्त माइक.

आता संसार. हे कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. सण म्हणजे जाहिरातींचा हंगाम, तेव्हा सुट्टी मिळत नाही. देखभालीचं शटडाउन मध्यरात्रीनंतरच. लग्न ठरवताना हे समोरच्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगा, दुसऱ्या भेटीसाठी राखून ठेवू नका. आमच्याकडे बायकोनं दोन अटी घातल्या: गणपती बसतात त्या सकाळी मी घरात हवा, आणि भाऊबीजेला माझ्या बहिणीला मी स्वतः आणायचं. त्या दोन दिवसांसाठी मी एका सहकाऱ्याशी कायमचा सौदा केलाय. ईदला आणि मोहरमला त्याची ड्यूटी मी करतो, हे दोन दिवस तो माझे सांभाळतो. वरिष्ठांना आम्ही दर जानेवारीत लिहून देतो, कारण तोंडी ठरलेलं ऐनवेळी कुणाला आठवत नाही.

मुलींना माझी एक कनिष्ठ सहकारी खास सांगते: रुजू होण्याआधी रात्रीच्या ड्यूटीची गाडी आणि ट्रान्समीटर साइटवरचं स्वच्छतागृह, दोन्ही स्वतः बघून या. कागदावर ते सगळीकडे असतं.

अजूनही यायचंय? मग पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत एखाद्या केंद्रावर महिनाभर बसायची परवानगी मागा. पत्र घेऊन या, कॉलेजचा शिक्का लागतो. सोबत वही आणा. पहिल्या दिवशी तुम्हाला मीटरसमोर बसवतील आणि दर तासाला आकडे लिहायला सांगतील.