युकुलेलेच्या तारा बदलून बघताय? या चुका टाळा

युकुलेलेवर, म्हणजे चार तारांच्या छोट्या गिटारसारख्या वाद्यावर, तारांचा नवा संच चढवला, दोन गाणी वाजवली, ‘छ्या, आवाज बसका आहे’ म्हणून दुसऱ्याच दिवशी काढून टाकला. सर्वांत महागात पडणारी चूक हीच. नायलॉन असो की फ्लोरोकार्बन (हेही एक प्लास्टिकच), तार बसायला तीन-चार दिवस, कधी आठवडाही लागतो. तोवर ती ताणत राहते आणि सूर सतत उतरतो. घाई असेल तर बाराव्या फ्रेटपाशी (मानेवरच्या आडव्या पट्टीपाशी) तार चिमटीत धरून सेंटीमीटरभर हलकेच उचला, चार-पाच वेळा, मग पुन्हा सुरात आणा.

तीन तारा बसल्या आणि एकच उतरतेय? मग दोष तारेचा नाही, बहुधा गाठीचा. तार घोडीतून (तारा जिथे बांधतात त्या लाकडी पट्टीतून) जिथे बाहेर पडते तिथे पेनाने बारीक ठिपका द्या. तासाभराने ठिपका पुढे सरकलेला दिसला, तर गाठ सुटतेय. फ्लोरोकार्बन गुळगुळीत असतं आणि जी, सी, ई, ए या चार तारांपैकी ‘ए’ची तार बारीक, त्यामुळे ती आधी निसटते. तिला तीन वेढे द्या. शेवटचा वेढा घोडीच्या मागच्या कडेखाली दाबला गेलाच पाहिजे. वरच राहिला तर तार चाबकासारखी सुटून लाकडावर ओरखडा काढते, म्हणून बांधताना घोडीमागे जुनं व्हिजिटिंग कार्ड ठेवा. मानेखाली सोलापुरी चादरीची जाड घडी असली की वाद्य हलत नाही. ठिपका जागेवरच असेल तर खुंटी बघा. साध्या (गिअर नसलेल्या) खुंटीच्या टोकाला स्क्रू असतो, तो पाव आटा आवळा.

फ्लोरोकार्बन घनतेने जड, म्हणून त्याच सुराला तार बारीक लागते. ‘चुकीचा संच आला’ म्हणून परत पाठवू नका.

लो-जी लावताना गडबड जास्त होते. नेहमीची ‘जी’ ३९२ हर्ट्झची, लो-जी तिच्या एक सप्तक खाली, १९६ची. साधा ट्यूनर दोन्हींना फक्त ‘जी’ म्हणतो, त्यामुळे लो-जी वर ओढत नेली की तुटते. हार्मोनियमवर जुळवत असाल तर चार तारा म्हणजे पांढरी पाच, एक, तीन, सहा. यातली पाच खालच्या सप्तकातली घ्या. शिवाय ही तार जाड. नटच्या (मानेच्या वरच्या टोकाला असलेल्या पट्टीच्या) खाचेत ती वरच अडकली तर खुंटी फिरवताना ‘टिक्’ आवाज येतो, सूर उडी मारतो आणि पहिल्या फ्रेटवर स्वर चढा लागतो. खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा. तरीही बसत नसेल तर खाच कारागिराकडूनच रुंद करून घ्या. खाच खोल झाली तर उघडी तार झणझणते. नुसती रुंद झाली तरी पुन्हा बारीक ‘जी’ लावल्यावर ती खाचेत खुळखुळते.

गिटारच्या स्टीलच्या तारा मात्र कधीच नकोत. त्यांच्या ओढीने घोडी उखडते. बॅरिटोनचा (मोठ्या युकुलेलेचा) डी-जी-बी-ई संचही टेनरवर (त्याहून लहान युकुलेलेवर) जी-सी-ई-ए करून ताणू नका.

आता सोलापूरचा उन्हाळा. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना बंद गाडीत वाद्य राहिलं, तर डिंक मऊ पडून घोडी सुटू शकते. घरात कूलर लावला की हवेत ओल येते. नायलॉन ती शोषतं आणि सूर हलतो, फ्लोरोकार्बन जवळजवळ शोषत नाही. त्यामुळे दोन संचांची तुलना करताना कूलर दोन्ही वेळा चालू तरी ठेवा किंवा बंद तरी, आणि तोच तुकडा मोबाइलवर तेवढ्याच अंतरावरून रेकॉर्ड करा.